हंस उडवावा की उडू द्यावा?

कपाशीची वेचणी जोरात सुरू झाली आणि हरभऱ्याने रान हिरवे दिसू लागले, म्हणजे आमच्या वऱ्हाडात उत्तरेकडून काही पाहुणे येतात. त्यांस कोणी आमंत्रण धाडीत नाही व त्यांच्या स्वागतास कमानीही उभारीत नाही. तलावांच्या उथळ काठांवर, धरणांच्या फुगवट्यालगतच्या गाळपेऱ्यांत आणि नद्यांच्या वाळवंटांत ते उतरतात, थंडीचे तीन-चार महिने काढतात आणि होळीच्या आगेमागे निघून जातात. हे पाहुणे म्हणजे रानहंस. अलीकडे त्यांच्यामागोमाग दुसराही एक समुदाय पाण्याकाठी जमू लागला आहे. त्यातील कोणाच्या गळ्यात कॅमेरा असतो, कोणाच्या हातात दुर्बीण असते, आणि ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नसते त्याच्या खिशात मोबाइल असतोच. या समुदायात विद्यार्थी आहेत आणि कित्येक पालकही आहेत. हंस पाण्यावर बसलेला असता त्याचे चित्र घेऊन कोणाचे समाधान होत नाही. प्रत्येकास पंख पसरलेला, आकाशात झेपावलेला हंस हवा असतो. ही इच्छा स्वाभाविक आहे आणि तीत निंदनीय असे काहीच नाही. परंतु हंस आपल्या सोयीच्या वेळी उडत नाही असे पाहून त्यास उडविण्याचे जे उपाय योजिले जातात, त्यांविषयी मात्र चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम या पक्ष्याची ओळख करून देणे बरे. त्याचे मराठी नाव पट्टकादंब. 'कादंब' हे संस्कृतात हंसाच्या एका जातीचे नाव आहे. या पक्ष्याच्या शुभ्र डोक्यावर मागील बाजूस दोन काळे आडवे पट्टे असतात, म्हणून तो पट्टकादंब. अंग फिकट राखी, चोच व पाय पिवळट नारिंगी, मानेच्या दोन्ही बाजूंस एकेक पांढरी रेघ. वजन 2 ते 3 किलो, आणि पसरलेल्या पंखांची लांबी सुमारे दीड मीटर. तिबेटचे पठार, मंगोलिया आणि आपल्या देशातील लडाख अशा उंच प्रदेशांतील सरोवरांच्या काठी त्याची वीण होते, आणि हिवाळ्यासाठी तो दक्षिणेस भारतात उतरतो. कॅलेंडरांवरील चित्रांमुळे, काव्यातला हंस म्हणजे युरोपातील लांब, बाकदार मानेचा पांढरा 'स्वान' पक्षी, असे पुष्कळांस वाटते. परंतु तो पक्षी आपल्या देशात क्वचितच येतो. आपल्या प्राचीन वाङ्मयातील व शिल्पांतील हंसाचा अभ्यास करून तो हा रानहंसच होय असे डच पंडित व्होगेल यांनी प्रतिपादन केले असून, त्यांचा त्या विषयावरील ग्रंथ 1962 साली प्रसिद्ध झाला आहे. तेव्हा आमच्या गाळपेऱ्यात चरणारा हा राखी पक्षी काही परका नव्हे. आमच्या देवळांच्या भिंतींवर कोरलेल्या हंसांचाच तो भाऊबंद आहे.

या पक्ष्याच्या प्रवासाचे वर्णन ऐकून मोठमोठे शास्त्रज्ञ चकित झाले आहेत. भारतातून उत्तरेस परतणाऱ्या पट्टकादंबांच्या अंगावर लहान यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. त्यांवरून असे दिसून आले की, हिमालयाची चढण हे पक्षी सुमारे 7 ते 8 तासांत, मध्ये न थांबता चढून जातात. आणि त्यासाठी पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याची वाट न पाहता ते बहुधा रात्री किंवा पहाटे निघतात, कारण त्या वेळी हवा थंड, दाट व शांत असते. या अभ्यासकांनी नोंदविलेली सर्वांत अधिक उंची 7,290 मीटर इतकी आहे. परंतु बहुतेक प्रवास हे पक्षी त्याहून पुष्कळ खालून करितात. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे आढळले की, हंस एकदा उंची गाठून ती राखून ठेवीत नाही. डोंगराच्या चढउताराप्रमाणे तोही वर जातो व खाली येतो, कारण विरळ हवेत उडत राहण्यास जे श्रम पडतात त्यांपेक्षा उतरून पुन्हा चढणे त्यास स्वस्त पडते. त्याच्या रक्तातील प्राणवायू धरून ठेवण्याची शक्तीही सखल प्रदेशातील हंसांपेक्षा अधिक असते. अशा रीतीने ज्या पक्ष्याच्या शरीराचा कण न् कण श्रमाच्या काटकसरीसाठी घडला आहे, आणि जो आपली शक्ती एखाद्या चतुर संसारी माणसाप्रमाणे जपून खर्च करितो, त्याची शक्ती आम्ही आमच्या एका चित्रासाठी किती उधळावी, हा प्रश्न आहे.

आमच्या तिवसा तालुक्यास तर या प्रश्नाचा विचार करण्याचे विशेष कारण आहे. वर्धा नदीच्या काठचे आमचे कौंडण्यपूर हेच प्राचीन विदर्भाची राजधानी कुंडिनपूर होय, असे परंपरा सांगते. नदीच्या वरच्या अंगास मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ जे अप्पर वर्धा धरण झाले, त्याच्या जलाशयास नल-दमयंती सागर असे नाव आहे. नळ-दमयंतीची कथा आमच्या मुलांस ठाऊक असेलच. नळराजाने उपवनात एक हंस पकडला. त्याच्या मुठीत असलेल्या त्या हंसाने प्राणदान मागितले, आणि आपणास सोडल्यास विदर्भात जाऊन दमयंतीपाशी तुझे गुण वर्णीन, असे वचन दिले. नळाने मूठ सोडली. तो हंस उडून विदर्भात आला, आणि पुढील सारी कथा त्या सुटलेल्या मुठीतून निर्माण झाली. व्यासांनी महाभारतात ती सांगितली आणि मराठीत रघुनाथ पंडितांनी ती आख्यानरूपाने गायिली. कथेतील हंसास बोलता येत होते व आमच्या तलावावरील हंसास येत नाही, एवढाच फरक. परंतु न बोलणाऱ्या पक्ष्याचे म्हणणे समजून घेणे अशक्य नाही. त्याच्या ताठ झालेल्या मानेकडे पाहिले तरी ते समजते. ज्या जलाशयास आपण नळाचे नाव दिले, त्याच्या प्रदेशात तरी हंसाची विनंती ऐकण्याची रीत मोडू नये.

येथे कोणी असा ग्रह करून घेऊ नये की, आम्ही छायाचित्रणाच्या कलेविरुद्ध आहो. उलट, मनुष्याने पक्ष्यांवर जे थोडे उपकार केले असतील त्यांत कॅमेऱ्याच्या शोधाची गणना करावी लागेल. एक काळ असा होता की, पक्षी ओळखावयाचा म्हणजे तो मारून हातात घ्यावयाचा. आमचे थोर पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावरील पिवळा डाग पाहून ते 1908 साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत चौकशीस गेले, आणि तेथून त्यांच्या पक्षिविद्येस आरंभ झाला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. इंग्लंडातील पीटर स्कॉट तरुणपणी रानहंसांचे नामांकित शिकारी होते. पुढे त्यांनी बंदूक ठेवून दिली आणि 1946 साली स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांच्या रक्षणासाठी संस्था स्थापिली. आज एखाद्या हंसाची जात, वय किंवा त्याच्या गळ्यातील पट्ट्यावरचा क्रमांक ओळखण्यास त्यास मारावे लागत नाही. दुरून घेतलेले एक स्पष्ट छायाचित्र पुरे होते. मंगोलियात गळपट्टा घातलेले पट्टकादंब नागपूरकडील तलावांवर अशा छायाचित्रांमुळेच ओळखले गेले आहेत. बंदुकीने जे ज्ञान पक्ष्याचा प्राण घेऊन मिळत असे, ते कॅमेऱ्याने त्याच्या केसालाही धक्का न लावता मिळते, ही केवढी प्रगती!

उडत्या पक्ष्याचे चित्र घेण्याचा इतिहासही मनोरंजक आहे. फ्रान्समध्ये मारे नावाचे एक शरीरशास्त्रज्ञ होते. पंखांची हालचाल डोळ्यांस दिसण्यापेक्षा वेगवान असते, म्हणून त्यांनी 1882 साली बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा बनविला. नेम धरून चाप ओढला म्हणजे तो एका सेकंदात 12 चित्रे घेई. 1884 साली जर्मनीत ओटोमार आन्शुट्झ यांनी उडत्या बलाकांची अशी स्पष्ट चित्रे घेतली की, विमानविद्येच्या आद्य अभ्यासकांसही त्यांचा उपयोग झाला. इंग्लंडातील कीर्टन बंधूंनी तर पक्ष्यांच्या जवळ जाण्यासाठी बैलाच्या पोकळ कातड्यात कॅमेऱ्यासह लपून बसण्याची युक्ती काढली. बैल व बगळे एका शेतात शेजारी फिरताना रोज पाहणाऱ्या वऱ्हाडी मुलास या युक्तीचे मर्म समजावून सांगावयास नको. त्यांची यंत्रे जड होती, काचा नाजूक होत्या, आणि एकेका चित्रासाठी जे कष्ट पडत ते आज ऐकूनही खरे वाटणार नाहीत. ज्यांच्या खिशातील यंत्र मारे यांच्या बंदुकीपेक्षा सहजपणे व अधिक चित्रे घेते, त्यांनी त्या यंत्राबरोबर त्या जुन्या लोकांचा धीरही वारशाने घ्यावयास नको काय?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. हंस उडत नाहीत असे पाहिले म्हणजे कोणी टाळ्या पिटतो, कोणी आरोळी ठोकतो, कोणी खडा भिरकावतो. कोणी मित्रास पलीकडच्या काठाने धावावयास सांगून आपण अलीकडे कॅमेरा रोखून बसतो. कोणी काठावरून मोटारसायकल दामटतो, आणि अलीकडे तर कोणी थव्याच्या डोक्यावर ड्रोन नेतो. थवा एकदम उठतो, आकाश पंखांनी भरून जाते, दहा-वीस चित्रे निघतात, आणि संध्याकाळच्या आत ती शेकडो लोकांच्या मोबाइलवर पोहोचून वाहवा मिळवितात. ती वाहवा पाहून दुसऱ्या दिवशी आणखी चारजण त्याच काठावर जातात. असे हे चक्र आहे. यांतील कोणीही दुष्ट नाही; हंसाचे वाईट व्हावे असे कोणाच्याही मनात नसते. परंतु ज्या कृत्यात वाईट हेतू नाही ते कृत्य आपोआप चांगले ठरत नाही, हे शिकणे विद्याभ्यासाचाच एक भाग आहे.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. त्यांचा आम्ही क्रमाने विचार करितो. पहिला आक्षेप असा की, एकदा उडविल्याने हंसाचे काय जाते? एका वेळेचा हिशेब केला तर थोडेच जाते, हे खरे. परंतु उडत असता पक्ष्यास विश्रांतीच्या मानाने कित्येक पट अधिक शक्ती खर्चावी लागते, आणि ज्या वेळी तो उडतो त्या वेळी चरत नाही. म्हणजे खर्च वाढतो व मिळकत थांबते, असा दुहेरी तोटा होतो. शिवाय आपण ज्यास 'एकदा' म्हणतो ते आपल्यापुरते एकदा असते. सकाळी एक मंडळी, दुपारी दुसरी, सायंकाळी तिसरी, अशी प्रत्येकाची एकेक पाळी झाली म्हणजे हंसाच्या वाट्यास दिवसभराची वणवण येते. हिवाळा हा त्याचा सुट्टीचा काळ नव्हे. फाल्गुनात त्यास हिमालय चढावयाचा असतो, आणि त्या चढणीची शिदोरी त्यास येथील गवतातून व गाळपेऱ्यातून अंगावर चरबीच्या रूपाने बांधून घ्यावी लागते. जो पक्षी येथून अर्धपोटी निघेल त्याचे पुढे काय होईल, हे आपण पाहावयास जात नाही. म्हणून आपणास ते दिसत नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप असा की, शेतकरीही हंसांस हाकलतोच, मग आम्हीच काय पाप केले? हा आक्षेप घेणारांनी शेतकऱ्याची स्थिती ध्यानात घ्यावी. हंसांचा थवा रात्री हरभऱ्यात किंवा गव्हात उतरला तर कोवळे शेंडे खुडून टाकतो. ज्याने कर्ज काढून बियाणे आणले व थंडीत धुऱ्यावर जागली केली, त्याने गोफण उचलली तर ती पोटासाठी उचलली आहे. तो थवा आपल्या शेतातून उठला व पाण्याकडे गेला म्हणजे त्याचे काम संपते. कॅमेरेवाला मात्र त्यास पाण्यावरही बसू देत नाही. शेताकडून हाकलल्यावर जे एक आश्रयस्थान उरते तेथूनही त्यास उठवावे, आणि तेही केवळ हौसेखातर, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. आणखी असे की, हंसाच्या पाठीमागे धावणारे हे हौशी लोक पुष्कळदा त्याच शेतकऱ्याचा हरभरा तुडवितात. म्हणजे हंसाने खाल्ले ते थोडे, आणि हंसाच्या चाहत्यांनी चिरडले ते अधिक, असा प्रकार होतो.

तिसरा आक्षेप आम्हांस अधिक विचार करण्याजोगा वाटतो. तो असा की, चित्र पाहून लोकांच्या मनात पक्ष्यांविषयी प्रेम उत्पन्न होते. तेव्हा थोडा त्रास देऊन घेतलेले चित्रही शेवटी पक्ष्यांच्याच हिताचे नाही काय? चित्राने प्रेम उत्पन्न होते हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या चित्राने प्रेम उपजवावयाचे ते चित्र खरे असावयास नको काय? खड्याने उठविलेल्या थव्याचे चित्र बारकाईने पाहा. बहुतेक पक्ष्यांच्या पाठी व शेपट्या कॅमेऱ्याकडे असतात, कारण ते तुमच्यापासून पळत असतात. पंखांवर पंख आपटत असतात, रांग नसते, कोण कोठे जात आहे याचा मेळ नसतो. आता आपल्या वेळी निघालेला थवा पाहा. तो उठतो, एकमेकांस साद घालीत थोडा गोंधळतो, आणि थोड्याच वेळात एका तिरक्या ओळीत किंवा बाणाच्या टोकाप्रमाणे जुळून जातो. पुढच्याच्या पंखाजवळून वर चढणाऱ्या हवेचा आधार मागच्यास मिळावा यासाठी ही रचना असते. शराटीच्या एका जातीवर यंत्रे बांधून केलेल्या व 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मागचा पक्षी आपल्या पंखांची उघडझापही त्या हवेच्या बेताने जुळवून घेतो, असे दिसून आले. हा सारा विवेक भ्यालेल्या थव्यात लोपलेला असतो. म्हणून पहिल्या चित्राखाली 'हंसांचे उड्डाण' असे लिहिणे हे असत्य आहे. त्याखाली 'हंसांचे भय' असे लिहिले पाहिजे, आणि ते भय कोणी उत्पन्न केले हेही लिहिले पाहिजे. तसे लिहून चित्र दाखविण्यास किती जण तयार होतील?

केवळ 'करू नका' असे सांगून थांबणे हे शिक्षणाच्या दृष्टीने अपुरे आहे. मग करावे काय, तेही सांगितले पाहिजे. सुदैवाने हंसाचा दिनक्रम असा नेमस्त आहे की, त्यास उडविण्याची गरजच पडत नाही. हे पक्षी बहुधा रात्री व पहाटे शेतांत आणि गवतांत चरतात, आणि दिवस वर आला म्हणजे पाण्याकाठी विश्रांतीस येतात. सायंकाळी पुन्हा चरावयास निघतात. म्हणजे दिवसातून दोन वेळा ते आपण होऊन उडतात, आणि त्यांचा जाण्यायेण्याचा मार्गही पुष्कळ अंशी ठरलेला असतो. दोन-तीन दिवस दुरून नुसते पाहिले तर हा मार्ग कळतो. मग सूर्योदयापूर्वी त्या मार्गाच्या बाजूस एखाद्या बाभळीच्या आडोशाला जाऊन बसावे. कपडे मातकट रंगाचे असावेत. मोठा पक्षी वाऱ्याच्या समोर तोंड करून उठतो व उतरतानाही वाऱ्यास सामोरा होतो. म्हणून वारा व सूर्य दोन्ही आपल्या पाठीशी राहतील अशी जागा निवडावी, म्हणजे उतरणारा थवा आपल्याकडे तोंड करून, उजेडात, पंख पसरून येईल. कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या एक हजारांश भागाहून कमी वेळ उघडे राहील असे ठेवावे, आणि पक्ष्याच्या गतीबरोबर कॅमेरा सावकाश फिरवीत जावे.

बसलेला थवा उठणार आहे किंवा नाही हेही जाणत्यास कळते. उठण्यापूर्वी हंस चरणे थांबवितात, माना उंचावतात, डोक्यास झटके देतात आणि त्यांचे परस्परांशी बोलणे वाढते. जणू निघावयाचे काय, असे एकमेकांस विचारीत असतात. हे झटके पाहावयास शिकलेला मुलगा कॅमेरा तयार ठेवून बसतो आणि खडे मारणाऱ्यापेक्षा सरस चित्र मिळवितो. येथे एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. आपण जवळ जात असता सर्व माना ताठ होऊन आपल्याकडे वळल्या, तर तो निघण्याचा बेत नसून आपल्याविषयीचा संशय आहे. अशा वेळी जेथे असू तेथेच थांबावे, खाली बसावे, आणि माना पुन्हा खाली न झाल्यास आल्या वाटेने मागे फिरावे. ज्याच्यापाशी मोठे भिंग नाही त्याने खंत करू नये. पहाटेच्या तांबूस आकाशात निंबाच्या शेंड्यावरून जाणारी हंसांची लहानशी ओळ साध्या मोबाइलनेही टिपता येते; आणि तीत आमचा गाव, आमचे झाड व आमचे आकाश असते, जे दुसऱ्या कोणाच्याही चित्रात असावयाचे नाही.

कायद्याचेही थोडे सांगितले पाहिजे. 1972 च्या वन्य जीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तीत मारणे व पकडणे यांबरोबरच वन्य प्राण्यास हाकणे, त्यास आमिष दाखविणे आणि तसा प्रयत्न करणे, यांचाही समावेश आहे. एखाद्या विशिष्ट कृत्यास ती व्याख्या लागू पडते किंवा कसे, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे आणि त्यात आम्ही पडत नाही. परंतु कायदा करणारांनी बंदुकीच्या बाराबरोबर हाकण्यासही त्याच शब्दात बसविले, ही गोष्ट प्रत्येक छायाचित्रकाराने मनाशी घोळवावी. हातात बंदूक नाही म्हणून आपण शिकारी नाही, असे समजणे पुरेसे नाही.

आता आमची सूचना. शाळांतून हल्ली छायाचित्रांच्या स्पर्धा होतात व वार्षिक अंकांतून विद्यार्थ्यांची छायाचित्रे छापली जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. आमचे म्हणणे असे की, वन्य पक्ष्याच्या प्रत्येक चित्राबरोबर विद्यार्थ्याने चार ओळींची एक टीप द्यावी: चित्र कोणत्या दिवशी व किती वाजता घेतले, आपण किती वेळ वाट पाहिली, पक्षी किती होते, आणि चित्र घेतल्यानंतर ते काय करीत होते. या शेवटच्या प्रश्नात सारे मर्म आहे. आपण निघून आलो तेव्हा हंस जेथे होते तेथेच चरत असतील, तर ते चित्र कितीही साधे असो, ते मानास पात्र आहे. आणि चित्र कितीही अप्रतिम असो, त्यासाठी थव्यास तलाव सोडावा लागला असेल, तर त्यास बक्षीस देऊ नये व ते छापूही नये. कोणी म्हणेल की, मुलगा टीपेत खोटे लिहील. लिहील कदाचित, परंतु परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर आपण जितका विश्वास ठेवितो तितका येथेही ठेवून पाहावा. ज्यास खोटे लिहावे लागते त्यास आपण काय केले हे निदान ठाऊक असते, आणि सुधारण्याची पहिली पायरी तीच होय. शिवाय अशा टीपा वर्षानुवर्षे जपून ठेविल्या, तर हंस केव्हा आले, किती आले व केव्हा गेले याची एक वहीच तयार होईल, आणि ती वही कोणत्याही एका सुंदर चित्रापेक्षा अधिक मोलाची ठरेल.

पालकांसही आमची नम्र विनंती आहे. मुलाने पक्षी पाहण्याचा छंद घेतला तर त्यास वेळेचा अपव्यय म्हणू नये. परंतु धरणाच्या काठचा गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत ओला असतो व त्यात पाय रुततो. म्हणून लहान मुलांस एकटे जाऊ देऊ नये, शक्य तर स्वतः सोबत जावे. ज्याच्या शेतातून जावयाचे त्या शेतकऱ्यास आधी विचारावे आणि धुऱ्यानेच चालावे. पाण्यावर जाळी टाकणाऱ्या भोई बांधवांशी बोलावे. हंस कोठे बसतात व केव्हा उठतात हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते. आमच्या विदर्भाच्या रानावनांत आयुष्य घालविलेले मारुती चितमपल्ली (1932-2025) यांनी पक्ष्यांविषयीचे आपले कितीतरी ज्ञान नवेगाव बांधसारख्या तलावांच्या काठी राहून आणि तेथील साध्या माणसांचे बोलणे ऐकून मिळविले. मुलास महाग कॅमेरा घेऊन देणे ज्यांस शक्य आहे त्यांनी तो अवश्य द्यावा. पण त्याबरोबर पहाटेचे दोन तासही द्यावेत, आणि त्या दोन तासांत एकही चित्र मिळाले नाही तरी सकाळ फुकट गेली असे म्हणू नये. वाट पाहण्याची सवय ज्यास लहानपणी लागली त्यास पुढे कोणत्याही विद्येत ती उपयोगी पडते.

विद्यार्थ्यांनो, येत्या हिवाळ्यात हंस पुन्हा येतील अशी आम्ही आशा करितो. ते येतील तेव्हा तुमच्यापैकी कोणीतरी बाभळीच्या आडोशाला थंडीत कुडकुडत बसलेला असेल. दूर पाण्यावर माना वर होतील, डोकी हलू लागतील, साद वाढेल, आणि तुमच्या हातातील यंत्र तयार असेल. कदाचित त्या दिवशी धुके पडेल व काहीच स्पष्ट येणार नाही. तसे झाले तरी वहीत तारीख लिहा, पक्षी मोजून आकडा लिहा, आणि हंस अजून तेथेच चरत आहेत एवढे लिहून, आवाज न करिता घरी या.